जुन्या गाडीचा कार्बोरेटर: आधी कचरा, मग हवा, स्क्रू सगळ्यात शेवटी

सकाळी किका मारून मारून पाय भरून येतो, चौकात गाडी स्लोवर टिकत नाही, रेस दिली की 'भक्' करून क्षणभर दम सोडते. मग शेजारचा एखादा जाणकार खाली वाकतो, कार्बोरेटरच्या बाजूचा पितळी स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करतो. गाडी छान वाजायला लागते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. आपल्या खान्देशात हे नेहमीचं, कारण इथे जुनी गाडी सहसा भंगारात जात नाही. घरात नवी आली की जुनी शेतावर जाते, दूध घालायला जाते, बाजाराला जाते. १९८५ पासूनच्या सीडी १००, १९९४ नंतरच्या स्प्लेंडर, आरएक्स १००, बुलेट, राजदूत, येझदी, सगळ्या अजून रस्त्यावर आहेत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरवरच्या.

ज्यांनी कार्बोरेटर अजून उघडलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. समोर शंभर-सव्वाशे सीसीची, एका सिलिंडरची, सरकत्या स्लाइडचा (मूठ पिळली की वर सरकून हवेची वाट उघडणारा तुकडा) कार्बोरेटर असलेली गाडी आहे असं धरा. माझं म्हणणं थोडक्यात असं: शंभर टक्के चांगली चालणारी गाडी एका सकाळी बिघडली, तर तिचा स्क्रू रात्रीत आपोआप फिरलेला नसतो. काहीतरी अडलंय, गळतंय किंवा झिजलंय. ते शोधायचं सोडून स्क्रूला हात लावला की मूळ दोष झाकला जातो आणि सेटिंगही हातचं जातं.

आत चालतं काय

टाकीतलं पेट्रोल कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या नळातून, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत येतं. वाटीत फ्लोट तरंगतो. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याला अडकवलेली छोटी सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. इंजिन हवा ओढतं तेव्हा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून ती जोरात जाते, तिथला दाब पडतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर चढून हवेत मिसळतं. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो म्हणूनच ते वर चढतं. त्यामुळे वाटीला हवा पोचवणारी बारीक नळी बुजली तर सगळं धड असूनही गाडी उपाशी राहते. शेतातल्या शेडमध्ये महिनाभर उभ्या गाडीच्या या नळीत कुंभारीण माशी खुशाल माती भरून ठेवते. नळी काढून फुंकर मारून बघा, फुकटचं काम आहे.

पेट्रोल वर येण्याचे रस्ते दोन. बारीक रेसला पायलट जेट, ज्याला गॅरेजमध्ये स्लो जेटही म्हणतात. मोठ्या रेसला मेन जेट. मधल्या पट्ट्यात स्लाइडला लटकलेली लांब निमुळती सुई किती वर उचलली जाते त्यावर पेट्रोल ठरतं. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुढचं सोपं जाईल.

हत्यारं आणि जागा

फार काही लागत नाही. बरोबर मापाचा चपटा आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर, आठ आणि दहा नंबरचे पाने, प्लग पाना, जुना टूथब्रश, पांढरी थाळी, काचेची पारदर्शक बाटली, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे. 'बरोबर मापाचा' हे शब्द वाचून सोडून देऊ नका. पितळी जेट मऊ असतो. लहान पात्याचा ड्रायव्हर लावून जोर केला की त्याची खाच खाल्ली जाते, आणि मग बारा आण्याच्या कामासाठी आख्खा कार्बोरेटर बदलावा लागतो.

काम उघड्यावर करा. ओसरीत करत असाल आणि पलीकडच्या खोलीत गॅसची शेगडी चालू असेल तर आधी ती बंद करायला सांगा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि तिला ठिणगी कुठे आहे ते आपल्या आधी सापडतं. विडी-सिगारेटवाले सल्लागारही लांब बसवा. स्प्रे मारताना चष्मा घाला, जेटच्या भोकातून तो नेमका डोळ्याच्या दिशेने परत येतो.

कार्बोरेटर उघडण्याआधी

इथे घाई करू नका. निम्म्याहून जास्त वेळा दोष बाहेरच सापडतो.

*टाकीचं झाकण.* गाडी घरून व्यवस्थित निघते, चार-पाच किलोमीटरवर गुदमरते, बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते आणि पुढे जाऊन पुन्हा बंद. ही तक्रार आली की पहिला संशय झाकणावर घ्या. झाकणातलं हवेचं भोक धुळीने बुजलं की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरणं थांबतं. रावेरकडच्या एका केळीवाल्याच्या स्प्लेंडरवर असंच झालं होतं. कार्बोरेटर दोन गॅरेजांत उघडून झाला, प्लग नवा, जेट नवा. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं तर 'सूं' करून हवा आत गेली आणि पहिल्या किकेला गाडी चालू झाली. बागेतली धूळ आणि फवारणीचा थर मिळून भोक पार बुजलेलं होतं. झाकण रॉकेलमध्ये घासून धुतलं, काम झालं.

*पेट्रोलची धार.* कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉक चालू करा. धार मिनिटभर सारखी पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब होत असेल तर झाकण उघडून बघा. झाकण उघडताच धार वाढली तर दोष झाकणाचा, नाही वाढली तर कॉकची जाळी तुंबलीय. कॉकखाली वाटी असेल तर ती उघडून धुवा. तीच बाटली आता पाच मिनिटं उन्हात स्थिर ठेवा. तळाशी तांबूस गाळ बसला तर टाकीला आतून गंज आहे. टाकी साफ होईपर्यंत कार्बोरेटर कितीही वेळा धुतलात तरी तो पुन्हा भरेल. तळाशी वेगळा पारदर्शक थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर ते पाणी.

*एअर फिल्टर.* काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. त्यात जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू हवेत उडतात आणि फिल्टरवर त्यांची गादी बसते. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगकडे रोज ये-जा असणाऱ्यांनी फिल्टर महिन्याला उघडावा. फिल्टर चोंदला की हवा कमी पडते, मिश्रण घट्ट होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लग काळा पडतो आणि दोष येतो बिचाऱ्या कार्बोरेटरवर. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळा आणि बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. फिल्टर काढून टाकून गाडी 'मोकळी' करणारे मला भेटतात. धुळे-शिरपूर पट्ट्यात ते करणं म्हणजे पिस्टनला पॉलिश पेपर लावणं आहे.

*प्लग.* प्लग काढून त्याचा पांढरा चिनी मातीचा भाग बघा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक, चकाकणारा असेल तर पेट्रोल कमी जातंय. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर एकतर वाटी ओव्हर होतेय नाहीतर ठिणगीच पडत नाही. तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघा, तिथे कार्बोरेटरचा संबंध नाही. प्लगचं अंतर गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा, शंभर सीसीच्या हिरो होंडात ते ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतं. शंका असेल तर सरळ नवा प्लग टाकून बघा.

*चोरून येणारी हवा.* कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर किंवा काळा इन्सुलेटर आणि त्याची ओ-रिंग उन्हाने कडक होऊन तडकते. तिथून आत शिरणाऱ्या हवेचा हिशेब कार्बोरेटरला नसतो. स्लो कधी चढतो, कधी पडतो, रेस सोडली तरी गाडी लगेच खाली येत नाही आणि सायलेन्सरमधून फटाके फुटतात. इंजिन स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर स्प्रे-बाटलीने साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाजात फरक पडला तर हवा तिथूनच येतेय. ही तपासणी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारून करतात ते तापलेल्या सायलेन्सरजवळ आगीशी खेळतात.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), रेस वायर हेही एकदा बघून घ्या. रेसच्या मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळा खेळ हवा. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर स्लो बदलत असेल तर वायर ताणली जातेय. टू-स्ट्रोक गाडी असेल तर सायलेन्सरमधला कार्बनही तपासा. तो तुंबलेला असताना पिकअप शोधत बसण्यात अर्थ नाही.

रेस कुठल्या हिश्शात त्रास देते?

मेस्तरीकडे गाडी नेली की पहिला प्रश्न 'गाडीले काय व्हयनं भो?' आणि आपलं ठरलेलं उत्तर, 'मिसिंग मारते.' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. मिसिंग नेमकी कधी मारते ते सांगता आलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टीचे तुकडे लावा. रेस पूर्ण बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा पेनने करा. गाडी चांगली तापू द्या आणि रिकाम्या रस्त्यावर एकेका खुणेवर थोडा वेळ स्थिर धरून चालवा. वेग कितीचा आहे किंवा गियर कुठला आहे याला इथे महत्त्व नाही, मूठ किती उघडलीय त्याला आहे.

बंद ते जेमतेम अष्टमांश रेसमध्ये त्रास असेल तर पायलट जेट, तिचे बारीक रस्ते आणि बाजूचा स्क्रू. त्याच्या पुढे पाव रेसपर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव असतो, जुन्या गाडीत स्लाइड झिजली की गाडी इथे अडखळते. पाव ते पाऊण म्हणजे सुई आणि ती ज्या नळीत खालीवर होते ती नळी. पाऊण ते पूर्ण म्हणजे मेन जेट, किंवा वाटीत पेट्रोलच कमी पोचतंय.

आता पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते चोकने तपासा. ज्या खुणेवर गाडी अडते तिथेच चोक अर्धा ओढा. गाडी सुधारली तर तिथे पेट्रोल कमी होतं. आणखी बिघडली तर जास्त होतं. गार असताना बरी आणि तापल्यावर घुटमळणारी गाडी बहुधा जास्त पेट्रोलची. चोक बंद करताच मरणारी, उतारावर रेस सोडली की फटफट करणारी, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापवणारी गाडी कमी पेट्रोलची. टू-स्ट्रोकमध्ये हे दुसरं लक्षण दिसलं तर लांबचा प्रवास टाळा. पेट्रोल कमी पडत राहिलं की पिस्टन जाम होतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक होतं.

उघडून साफ करणं

कॉक बंद करा. वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तेही बघून ठेवा.

बाजूचा मिश्रणाचा स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत फिरवत नेऊन टेकवा आणि किती फेरे बसले ते मोजा. समजा पावणेदोन. हा आकडा भिंतीवर, हातावर, मोबाइलात, जिथे सापडेल तिथे लिहा. टेकला की थांबायचं. आवळलात तर स्क्रूचं टोक त्याच्या बैठकीत रुतून तिचा आकार बिघडवतं आणि त्यानंतर ती गाडी जन्मभर नीट सेट होत नाही.

कार्बोरेटर इंजिनपासून आणि फिल्टरच्या रबरापासून सोडवा, वरचं झाकण काढून स्लाइड वायरसकट बाहेर घ्या आणि कापडात गुंडाळून वर बांधून ठेवा. सुई वाकायला नको. मग पांढऱ्या थाळीवर वाटी उघडा. पांढरी थाळी अशासाठी की निसटलेली स्प्रिंग किंवा मोहरीएवढा वॉशर लगेच दिसतो.

वाटीच्या तळाकडे नीट बघा. तांबूस चिखल असेल तर टाकीचा गंज. पांढरट, दाणेदार भुकटी असेल तर पाणी बरेच दिवस साचून होतं आणि वाटीचा धातू खाल्ला गेलाय. हिरवट-पिवळा चिकट थर आणि जुन्या वॉर्निशसारखा उग्र वास असेल तर गाडी महिनोन्‌महिने पेट्रोलसकट उभी होती. हा चिकट थरच पायलट जेट बुजवतो. तिचं भोक इतकं बारीक असतं की डोळ्यांना न दिसणारा थरही पुरतो.

फ्लोटची पिन हळूच सरकवून फ्लोट आणि सुई काढा. मधला मेन जेट काढा, शेजारच्या खोल भोकातला पायलट जेट काढा. दोन्ही उजेडाकडे धरा. आरपार गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर अजून घाण आहे. जेटमध्ये टाचणी, सुई, स्टीलची तार घालायची नाही. भोक किंचितही मोठं झालं तर जेटचा नंबरच बदलला म्हणून समजा. क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवा, नायलॉनच्या धाग्याने किंवा टूथब्रशच्या एका केसाने साफ करा आणि हवा मारा. मेन जेटच्या वर जी भोकाभोकांची नळी असते तिचंही प्रत्येक भोक मोकळं करा, तिला सगळे विसरतात.

मग बॉडीतले रस्ते. स्प्रेची नळी एकेका भोकाला लावून मारा आणि तो दुसरीकडून कुठून बाहेर येतो ते बघा. पायलटचा रस्ता गळ्यात इंजिनच्या बाजूला दोन-तीन टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांत उघडतो. त्या सगळ्यांतून धार आली पाहिजे. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारणार असाल तर फ्लोट, रबरं आणि ओ-रिंगा आधी बाहेर काढून ठेवा. जोराच्या हवेने फ्लोट दबतो आणि क्लीनरने रबर फुगतं.

फ्लोट आणि त्याची सुई

फ्लोट कानाशी नेऊन हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो भोक पडून जड झालाय. बारीक भोक शोधायला गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील. सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर नवी घ्या.

बसवल्यावर तपासणी अशी: कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होईल. पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकी फुंकर मारा. हवा जाता कामा नये. सरळ धरला की गेली पाहिजे. फ्लोटची उंची तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातच बघा, अंदाजाने फ्लोटची सुईला टेकणारी जीभ वाकवू नका. पातळी जास्त असेल तर सगळ्या रेसला पेट्रोल जास्त जातं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून गळतं. कमी असेल तर चढावर, लांब रेसवर गाडी उपाशी राहते.

सुई गळत असेल आणि कॉक रात्रभर चालू राहिला असेल तर पेट्रोल इंजिनमध्येही उतरू शकतं. ऑइलची दांडी काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर किक मारू नका, आधी ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही.

जोडताना स्लाइडची उभी खाच आतल्या पिनवर बसली पाहिजे आणि स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा. उलटी बसवली तर गाडी चालू होताच बेफाम रेस धरते. म्हणून किक मारायच्या आधी मूठ फिरवून सोडा, स्लाइड 'टक्' करून खाली आदळल्याचा आवाज ऐका. कॉक चालू करून दोन मिनिटं थांबा, कुठे गळत नाही ना ते बघा.

बऱ्याच १५० सीसीच्या गाड्यांत स्लाइड वायरने नाही, पोकळीच्या ओढीने वर जाते आणि तिला रबराचा पातळ पडदा असतो. अशी गाडी स्लोवर छान पण पुढे चढतच नसेल तर तो पडदा उजेडात धरून भोक शोधा. त्याला क्लीनर अजिबात लागू देऊ नका.

आता स्क्रू

आधी स्क्रू कोणता आहे ते ओळखा, कारण दोन प्रकार एकमेकांच्या उलट चालतात. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की हवा कमी, म्हणून मिश्रण घट्ट. स्क्रू इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रणाचा. आत फिरवला की पेट्रोल कमी, मिश्रण पातळ. 'आत आवळला की अ‍ॅव्हरेज वाढतं' हा गावोगावचा सल्ला म्हणूनच अर्ध्या गाड्यांना लागू पडतो आणि उरलेल्यांची वाट लावतो.

१. स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. आकडा नसेल तर दीड ते दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा.

२. आठ-दहा मिनिटं गाडी चालवून पूर्ण तापवा. गार इंजिनवर केलेलं सेटिंग कामाचं नाही. चोक पूर्ण बंद हवा.

३. स्लोचा मोठा स्क्रू फिरवून इंजिन नेहमीपेक्षा किंचित वर ठेवा.

४. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत न्या. प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद थांबून ऐका. इंजिन लंगडायला लागलं की ती जागा लक्षात ठेवा. मग बाहेर काढत चला. आधी आवाज सुधारेल, चढेल, मग पुन्हा लंगडेल. या दोन जागांच्या मधे जिथे इंजिन सगळ्यात वर आणि सगळ्यात सारखं वाजतं तिथे सोडा.

५. स्लो खाली आणा. शंभर सीसीच्या गाडीला मिनिटाला साधारण १४०० फेरे पुरतात. मीटर नसेल तर हेडलाइट चालू ठेवूनही इंजिन टिकेल एवढा.

६. चौथी पायरी एकदा पुन्हा करा, मग रेस झटकन देऊन सोडा. गाडी न अडखळता चढली आणि सरळ खाली येऊन स्थिरावली म्हणजे झालं. देताना 'भक्' करून मरत असेल किंवा सोडल्यावर वरच लटकत राहत असेल तर मिश्रण पातळ आहे. सोडल्यावर गरजेपेक्षा खाली बुडून मग वर येत असेल तर घट्ट.

हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत नेल्यावरच गाडी बरी वाजत असेल तर पायलट जेट अजून बुजलेला आहे किंवा कुठून तरी चोरटी हवा येतेय. तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढावा लागत असेल तर फ्लोटची पातळी जास्त आहे किंवा चुकीच्या नंबरचा जेट बसलाय. इंजिनकडच्या पेट्रोल-मिश्रणाच्या स्क्रूला हेच उलट वाचा. कुठलाही स्क्रू टोकाला नेऊन गाडी चालवायची वेळ आली की मागे फिरा आणि कारण शोधा.

यानंतर पीयूसी काढायला जा. त्या चिठ्ठीकडे बहुतेक जण बघतही नाहीत, पण कार्बन मोनॉक्साइडचा जो आकडा तिच्यावर असतो तो स्लोवर मोजलेला असतो, म्हणजे तुम्ही आत्ता केलेल्या कामाचाच तो निकाल आहे. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या पिढीच्या दुचाकींना मर्यादा ३.५ टक्के, त्याआधीच्यांना ४.५ टक्के. आकडा मर्यादेला टेकलेला असेल तर स्लोवर पेट्रोल जास्त जातंय, कानाला गाडी कितीही गोड वाजो.

मधल्या रेसचा दोष साफसफाईनेही गेला नाही तरच सुईकडे वळा. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली बसवल्याने सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं, क्लिप वर घेतली की कमी होतं. एका वेळी एकच खाच. मेन जेटला शक्यतो हात लावू नका. मूळचा फिल्टर आणि मूळचा सायलेन्सर असेल तर कंपनीने दिलेला नंबरच बरोबर असतो. तपासायचंच असेल तर पूर्ण रेसवरून मूठ किंचित मागे घ्या. तेवढ्याने गाडी जोर धरत असेल तर मेन जेटकडे पेट्रोल कमी पडतंय. हा प्रयोग सुरत-नागपूर महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेत करू नका, गावाबाहेरचा मोकळा रस्ता बघा.

ऊन, घाट आणि इथेनॉल

डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या वर. १० अंशांवरून ४५ वर जाताना हवा सुमारे ११ टक्के विरळ होते. हवा विरळ म्हणजे तेवढ्याच जेटवर मिश्रण घट्ट. तोरणमाळला चढताना हेच होतं. अकराशे मीटरच्या वर हवा पातळ असल्याने गाडी जड वाटते, पिकअप कमी होतो. एका दिवसाच्या फेरीसाठी जेट बदलत बसू नका, खाली उतरली की गाडी आपोआप पूर्वपदावर येते. उन्हाळ्यात स्क्रू मिश्रण पातळ होण्याच्या बाजूला पाव फेरा फिरवला तरी बस्स.

इथेनॉल बरोबर उलट दिशेला ओढतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हा फरक कळत नाही, तो जुन्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं. जुनी स्प्लेंडर थंडीत चोक जास्त वेळ मागायला लागली असेल तर हे एक कारण असू शकतं. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने उभ्या गाडीत हे पाणी खाली बसतं आणि मेन जेट वाटीच्या तळातूनच ओढतो. जुन्या नळ्या, ओ-रिंगा, सुईचं रबरी टोकही या पेट्रोलने लवकर फुगतं किंवा तडकतं. नळी चिरतेय असं वाटलं की नवी घ्या. तिची किंमत चहा-फाफड्याएवढी आणि फुटली तर खाली गरम इंजिन.

नवा कार्बोरेटर कधी

रेस बंद असताना स्लाइड बोटाने हलवली आणि ती भांड्यासारखी खडखडली, बॉडीत तिचे ओरखडे दिसले, आणि स्लो काही केल्या स्थिर होत नसेल तर साफसफाईने भागणार नाही. नवा घेताना मॉडेल आणि वर्ष सांगून मूळ कंपनीचाच मागा. स्वस्त नकलेत जेटवरचा नंबर आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ बसेलच असं नाही. जुन्यातले मूळ जेट आणि सुई डबीत घालून ठेवा, पुढे तेच कामाला येतात.

गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू द्या. नंतर ड्रेन स्क्रू सोडून वाटीत उरलेलं पेट्रोल काढा, टाकी मात्र भरलेली ठेवा म्हणजे आत गंज धरायला जागा कमी राहते.